पाचव्या शीलानंतर नागुबाई

फुशारकीत नागुबाईचा हात धरणारं चाकुरात कुणी नव्हतं. "आमचा संघपाल नांदेडला शिकतो. दारूला शिवत न्हाई, रात-रातभर जागून अभ्यास करून राहिला!" पोरगं मेथ नावाच्या नशेच्या खड्यांवर जागतंय, हे त्याचे दात किडले म्हणून दवाखान्यात नेल्यावर कळलं आणि तिची बोलती बंद झाली.

पौर्णिमेला विहारात नशा न करण्याचं पाचवं शील म्हणून झालं, तशी ती उठली. "बायांनो, नुसता पोरांच्या तोंडाचा वास घेऊन निवांत राहू नका. आता नशेचे खडे निघालेत, त्यांना वास नसतो."

"तुला गं काय ठावं, अक्का?" जावेनं टोमणा मारला.

नागुबाई अडखळली. खरं सांगावं तर पोराचं लग्न अडणार. तेवढ्यात मागून संघपालच उठला. किडलेले दात दाखवत म्हणाला, "सांग की आई, माझंच नाव सांग."

मग नागुबाई जी सुरू झाली, ती विहारात वाटायला आणलेली खीर थंड झाली तरी थांबली नाही.