न उठलेल्या फोडांची वही

नेमाण्णा माणसाला रामराम घालायच्या आधी त्याच्या दंडाकडे बघायचे. आमची पहिली गाठ छापखान्याच्या ओट्यावर पडली. मी बाह्या वर सारून पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. एक उंच, वाळका, काळ्या टोपीचा म्हातारा पुढं आला. काही न विचारता त्यानं माझा डावा दंड धरला, उजेडाकडे वळवला आणि अंगठ्यानं चाचपून पाहिला.

"दोन झकास उठल्यात. तिसरी फसलीया. कुणी काढल्या देवी तुझ्या?"

"मला काय ठाऊक? मी चार महिन्यांचा होतो."

"मग आईला इचारून ये. फसली ती कशानं फसली, कळाय नको?"

एवढं बोलून देवी काढल्याच्या दाखल्यांचे छापील कागद काखेत मारून ते चालते झाले. खिळे जुळवणारे हसले. मीही हसलो. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, चार पत्रकं माझ्या नावावर होती, आणि जगात जे जे काही फसलेलं आहे ते कुणीतरी मुद्दाम फसवलेलं असतं, अशी माझी खात्री होती.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूर दरबारनं गावाबाहेर लस तयार करण्याचं ठिकाण काढलं होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. लोक 'देवीचा गोठा' म्हणत. तिथं रेडकांच्या पोटावर लस वाढवत, ती खरवडून, ग्लिसरीनमध्ये घोटून काचेच्या बारीक नळ्यांत भरत. नळ्या तालुक्यांना जात आणि टोचणारे पोरांच्या दंडावर त्या लसीचे चरे ओढत. लस जिवंत असली तर आठव्या दिवशी फोड उठतो आणि पोर देवीच्या रोगातून सुटतं. लस मेलेली असली तर काहीच होत नाही. चरा भरून येतो, दंड कोरा राहतो, आणि आईबाप मात्र निर्धास्त असतात की पोराच्या देवी काढून झाल्या.

गोठ्याचे मुख्य एक गोरे साहेब आणि त्यांच्या हाताखाली नेमाण्णा. शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, पदवी नाही, पण उमर सगळी रेडकांच्या पोटाशी वाकून गेलेली. लस काढून झाली की रेडकाचं पोट भरून येईतो ते त्याला स्वतः तेल लावत आणि मालकाच्या दारात नेऊन बांधत. गडी म्हणे, "अण्णा, मी सोडतो की." यांचं उत्तर, "बिचाऱ्यानं पोरांसाठी पोट दिलं. आपण चार पावलं चालाय नको?"

टोचणारा टोचून पुढच्या गावाला जाई. नेमाण्णा मात्र दर खेपेच्या चार-दोन गावांत तरी आठव्या दिवशी हजर. कधी तट्टावर, कधी डाकेच्या गाडीतून, पुष्कळदा पायीच. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. 'आठव्या दिवशी बोलू' हे त्यांचं पालुपदच होतं. गड्यानं सांगितलं, नवं रेडकू फार गुणाचं आहे, की आठव्या दिवशी बोलू. शेजाऱ्यानं सांगितलं, पोरीला सोन्यासारखं घर मिळालं. "द्या की. पर आठव्या दिवशी जाऊन तिचं तोंड बघून या." एकदा मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या तरुण मंडळाच्या सभेत टाळ्या थांबेनात. ते म्हणाले, "टाळ्या त्याच दिवशी वाजत्यात, तम्मा. फोड आठव्या दिवशी उठतो." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्यांच्या घरात निम्मी बोली कानडी होती, आणि मला ते शेवटपर्यंत तम्माच म्हणाले. तो शब्द आज लिहितानाही मला चटका लावतो.

मग साहेब विलायतेला परत निघाले. गॅझेटात जाहिरात आली : मुख्याची जागा भरणे आहे, लायक उमेदवारांनी अर्ज करावेत. त्याच आठवड्यात बातमी फुटली की साहेबांनी जाता जाता नेमाण्णांची शिफारस केली आहे. माझं डोकं फिरलं. महाराज रयतेच्या पोरांना शिकवून वर आणायला बघतात, आणि खाली हा धंदा! जाहिरात लोकांना दाखवायला आणि खुर्ची गोऱ्याच्या मर्जीतल्याला! मी तडक गोठ्यावर गेलो आणि हे सगळं त्यांच्या तोंडावर बोललो.

"बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "शिफारशीवर जागा देऊ नये. काम बघून द्यावी." आत जाऊन त्यांनी एक जाडजूड वही आणली आणि माझ्या हातात ठेवली. "घरी ने. सावकाश वाच. छापायचं असलं तर छाप."

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : न उठलेल्या फोडांची वही. आत लाल शाईत ओळीनं गावं, पोरांची नावं, कुठल्या रेडकाची लस, कधी निघाली, कधी टोचली, आणि शेवटी एकच शब्द, 'कोरा'. कोरा, कोरा, कोरा. पानंच्या पानं. उमेदवारानं आपणहून आपल्या विरुद्धचा पुरावा माझ्या हाती दिला होता. मध्येमध्ये काळ्या शाईची काही पानं होती. ती मी उलटली. मी ती वही वाचली असं म्हणू नये. मी लाल शाई वाचली.

पत्रकाचं नाव मी ठेवलं 'मेलेली लस, जिवंत शिफारस'. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ही गोष्ट मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो.

उमेदवारांना बोलावलं त्या दिवशी मी कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. दार उघडं होतं. निवड करणाऱ्यांपैकी एकानं माझं पत्रक टेबलावर पसरलं.

"हे तुमच्याच वहीतलं?"

"व्हय."

"इतक्या ठिकाणी तुमची लस फुकट गेली?"

"ह्याहून जास्त गेली असंल. समद्या गावांत मला पोचता आलं न्हाय."

आत कुणीतरी हसलं. "मग या पत्रकावर तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं काय न्हाय. लिव्हलंय ते खरं हाय. फकस्त चार पानं छापायची राहिल्यात."

कुठली चार पानं, ते कुणी विचारलं नाही. मीही मनात विचारलं नाही. त्यांच्यानंतर मुंबईचे एक पदवीधर डॉक्टर आत गेले. त्यांच्या आधीच्या नोकरीच्या अहवालात लस फसल्याची एकही नोंद नव्हती. जागा त्यांना मिळाली.

नेमाण्णा बाहेर आले. मी खांबाआड सरकलो, पण त्यांनी मला पाहिलं. आता हा माणूस मला शिव्या घालणार, आणि घालाव्यात, असं मला वाटलं. तेवढ्यानं हिशेब मिटला असता. ते जवळ आले आणि म्हणाले, "तम्मा, वही तेवढी आणून दे. उद्या मलकापूरचा आठवा दिवस हाय."

नव्या साहेबांनी पहिलाच हुकूम काढला तो लाल शाई बंद करण्याचा. खात्याची बदनामी होईल असं काही लिहून ठेवू नये, पत्रकं निघतात. आठव्या दिवसाचं बघायला टोचणारे आहेत, त्यासाठी मुख्य कचेरीच्या माणसानं गावोगाव फिरायचं कारण नाही. नेमाण्णांना कचेरीत टेबलाशी बसवलं. दोन महिने ते बसले, मग पेन्शन घेऊन शिरोळकडे गावी गेले. मी पुढच्या पत्रकाला लागलो होतो.

त्यानंतरच्या चैत्रात मी शाळांच्या प्रचाराला मलकापूरच्या बाजूला गेलो. वाड्यावस्त्यांत देवीची साथ होती. एका दारात एक बाई दोन पोरांना घेऊन बसली होती. तिसरी, सगळ्यांत धाकटी, आठवड्यापूर्वी गेली होती. मी माझ्या सवयीनं उखडलो. देवी का काढून घेतल्या नाहीत, म्हणून तिलाच विचारलं.

"काढल्या व्हत्या की! औंदाच तिघांच्याबी काढल्या." तिनं आतून तीन दाखले आणले. आमच्याच छापखान्यातले. तिन्हींवर लस लागल्याची खूण होती. मी पोरांच्या बाह्या वर केल्या. चारही दंड गुळगुळीत, कोरे.

"पावणं, तुमी त्या गोठ्यातलं काय?"

"नाही."

"मग दंड कशापाई बघताय? मागं ते टोपीवालं म्हातारं बघायचं. आठ दिसांनी यायचं आन् न्हाय उठला तर पुन्यांदा काढायला लावायचं. लई पिरपिर करायचं, आमी कट्टाळायचो बघा. औंदा आलंच न्हाय. कुठं गेलं वो ते?"

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. तो मला घेता आला नाही.

कोल्हापूरला आलो आणि माफीचं पत्रक लिहून काढलं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. छापण्याआधी ते घेऊन शिरोळला गेलो. नेमाण्णा बाजेवर होते, पायांना सूज होती. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. मला बघितल्याबरोबर अक्का उठून आत गेल्या. नेमाण्णांनी चष्मा लावला आणि माझं पत्रक दोनदा वाचलं.

"भाषा झकास हाय. 'मी पापी', 'मी घातकी'. पोरीचं नाव कुठं हाय ह्यात?"

"विचारायचं सुचलं नाही."

"किती गावांतले दंड कोरे हायत?"

"ते मला माहीत नाही."

"मग हे छापून कुणाच्या दंडावर फोड उठणार हाय?"

त्यांनी उशाखालून वही काढली आणि काळ्या शाईची पानं उघडून माझ्यापुढं धरली. त्यांत सगळं होतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यातली लस तिसऱ्या दिवशी मरते. तीच मातीच्या मडक्यात, वरून ओलं गोणपाट गुंडाळून नेली तर मलकापूरच काय, त्यापलीकडच्या वस्त्यांपर्यंत जिवंत पोचते. त्यांनी दोन्ही तऱ्हांनी नळ्या पाठवून, दंड बघून, खात्री करून घेतली होती. लाल पानं होती म्हणून ही काळी पानं लिहिता आली होती. आणि त्या साली लस पत्र्याच्या डब्यातून गेली होती, कारण मडकं दरबारी कामाला शोभत नाही असं नव्या साहेबांना वाटलं, आणि मडकं का, हे सांगणारा माणूस मी घालवून दिला होता.

"पावसाच्या आधी फिरून ये," ते म्हणाले. "दंड बघ. नावं लिव्ह."

मी फिरलो. दारोदारी बाह्या वर केल्या, शिव्या खाल्ल्या, नावं लिहिली. त्या धाकटीचं नाव तानी होतं. परत आलो तेव्हा नेमाण्णांना टाक धरवत नव्हता, म्हणून त्यांच्या वहीत लाल शाईनं मीच उतरवून घेतलं. शेवटी कारणाचा रकाना आला.

"इथं माझं नाव लिहू?"

"कारण लिव्हायचं ते पुढच्या खेपेला टाळता यावं म्हणून. डबा लिव्ह. वाटेचं ऊन लिव्ह." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू काय टाळता येणार हायस व्हय?" आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. नाही केलं असंही म्हणाले नाहीत. ती गोष्ट त्यांच्या कामाची नव्हती.

वहीतली पानं उतरवून मी कचेरीत नेली. या वेळी लाल आणि काळी, दोन्ही. बरीच खडाजंगी झाली, पण मडकं पुन्हा सुरू झालं आणि त्या वस्त्यांवरच्या पोरांच्या देवी नव्यानं काढल्या. आठव्या दिवशी मी स्वतः गेलो. तानीच्या दोन्ही भावांच्या दंडावर टपोरे फोड उठले होते. हे सांगायला शिरोळला पोचलो तेव्हा नेमाण्णांना जाऊन चार दिवस झाले होते. अक्कांनी वही आणून माझ्यापुढं ठेवली.

"तुला द्याय सांगितलंय त्यांनी. माझ्यावर असतं तर म्या दिली नसती."

मी ती घेतली. अक्कांचं बरोबर होतं.

आता ते पदवीधर डॉक्टर मोठ्या जागेवर दुसरीकडे गेले आहेत आणि गॅझेटात पुन्हा तीच जाहिरात आली आहे. आमच्या मंडळातले म्हणाले, "हाण एक पत्रक! या बारीला आपला माणूस बसवू." मी पत्रक काढलं. दोनच ओळींचं : 'उमेदवारानं अर्जासोबत आपल्या फसलेल्या कामाची वही जोडावी. ज्याच्यापाशी ती नसेल त्यानं अर्ज करू नये.' लोक म्हणतात, पोरगं बिघडलं.

अर्ज पुष्कळ आले आहेत, असं कचेरीतला कारकून सांगतो. शिक्क्यांचे, शिफारशींचे, सोनेरी कडांच्या प्रशस्तिपत्रांचे. वही एकालाही जोडलेली नाही. आणि एक वही इथं माझ्या पुढ्यात पडली आहे, तिला जोडायला अर्ज नाही.