मधली जागा

सरुबाईचा गोरक्ष चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून थाई बायकोबरोबर, नोईबरोबर, तिच्या देशात राहायला निघाला होता. व्हिसाच्या कागदांना दोघांचे एकत्र फोटो जोडायचे होते. आकुर्डीचा एजंट फोटो चाळून हसला.

"मावशी, व्हिसा यांचा आहे का तुमचा? प्रत्येक फोटोत तुम्हीच मधोमध. हे चालायचे नाहीत."

"मोठ्यांपुढं जोडप्यानं चिकटून उभं ऱ्हायचं व्हय?" सरुबाई पुटपुटली.

संध्याकाळी शेजारीण मोबाइल घेऊन आली. गोरक्ष आणि नोई ओट्यावर उभे राहिले, सवयीने मधली जागा मोकळी ठेवून. सरुबाई पदर सावरून दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि शेजारणीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सरका जवळ," ती म्हणाली. "आता मी न्हाई येत मधी."