मंदावैनीची लाइन

समोरून येणाऱ्या मंदावैनीला कुणी नमस्कार केला, तर तो तिला कधी दिसलाच नाही. बाई चालायची मान वर करून. पेणमधली आमची मूर्तिकारांची गल्ली. खाली चिखल, रंगाचे डबे, वाळत ठेवलेले बाप्पांचे हात, आणि ही बया त्यातून वायरींकडे बघत चाललेली. कितीदा तरी तिने आमच्या मळलेल्या मातीत पाय दिला. मी करवादले की म्हणायची, "शैले, खाली बघणारे लय हायत. वर बघणारी मी एकटीच."

ती आमची केबलवाली. माहेर रोह्याचं, सासर गल्लीच्या टोकाला. केबलचा धंदा नवऱ्याचा. तो गेला तेव्हा दिरांनी शहाणपण शिकवलं, की लाइन विकून टाक, बाईमाणसाने लोकांच्या छपरांवर चढणं बरं दिसत नाही. दिवसकार्य आटोपलं आणि दुसऱ्याच सकाळी पदर खोचून वैनी आमच्या कौलांवर उभी! मी खालून किंचाळले, "अगं, कौलं फुटतील!" वरून उत्तर आलं, "फुटली तर नवी बसवून देईन. आधी चहा टाक गो." तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडण आणि रोज चहा.

तिचा एक मंत्र होता. "लाइन चालू तर गिऱ्हाईक आपलं. लाइन बंद, तर सख्खा भाऊ पण परका." तापात असली तरी निरोप गेला की शिडी घेऊन हजर. मी एकदा म्हटलं, एक दिवस लोक टीव्हीवाचून मरणार आहेत का? तर म्हणाली, "मरनार नाय. पण बोल मला लावतील ना, बाईचा धंदा म्हणून असा."

मग काळ फिरला. आमच्या कोपऱ्यातला टेलिफोन, ज्याच्यावर मी हौसेने क्रोशाचं झाकण घातलं होतं, तो मुका झाला तो झालाच. पोरं मोबाईलवर मालिका बघू लागली आणि एकेक घर केबल सोडू लागलं. मूर्तींच्या कारखान्यांना तर टीव्हीशी काही देणंघेणंच नव्हतं, त्यांना हवं होतं वेगाचं नेट. परदेशातली गिऱ्हाइकं आता व्हिडिओ कॉलवर मूर्ती बघतात. शेला जांभळा करा, मुकुटाला जरा जास्त सोनेरी द्या, असं सांगत असतात, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. मोठ्या कंपन्यांची माणसं येऊन गल्ली बघून गेली आणि परत फिरकली नाहीत. गणपतीच्या सीझनला उंच मूर्ती बाहेर काढताना इथल्या वायरी तुटतात, हे त्यांना कळलं होतं. सारखं सारखं कोण जोडत बसणार?

"मी," मंदावैनी म्हणाली.

पनवेलला जाऊन तिने एका कंपनीला गाठलं, स्वतःच्या पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून काचेची तार जोडायला शिकली, आणि ते जोडायचं मशीन पोटाशी धरून एसटीने घरी आली. "केसाएवढी काच हाय बघ," मला सांगत होती. "तिच्यातून उजेड धावतो. त्याच्यातच फोन, त्याच्यातच टीव्ही, त्याच्यातच नेट." मी म्हटलं, "उजेडातून फोन? काहीतरीच तुझं!" पण तिने माझ्या कोपऱ्यातल्या त्याच फोनला तार जोडली आणि माझ्या बहिणीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. मी खोटं का सांगू, मला रडूच फुटलं.

लोकांना मात्र ही काच कळायला वेळ लागला. धरमतरच्या बाजूला, मिठागरांच्या वस्तीतही तिने लाइन नेली होती. तिथे होळीचं झाड खांद्यावरून नाचवत आणताना तार तुटली. जुनी केबल तुटली की वस्तीतले लोक ती पिळून जोडत आणि गुलाल खेळायला मोकळे होत. याही वेळी त्यांनी तेच केलं. वैनीला फोन आला, "काळजी करू नको, आम्ही जोडून ठेवलीय." ती जाऊन बघते तर काय, काचेच्या तारेला मासे धरायच्या जाळ्याला मारतात तशी पक्की गाठ, वरून प्लास्टिकची पिशवी! एक म्हातारा छाती काढून म्हणाला, "आमची गाठ कधी सुटली नाय." वैनी बांधावर बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "दाजी, उजेडाला गाठ मारलीस व्हय रे?"

कंपनीला मात्र असलं हसू येत नव्हतं. तिथल्या साहेबांनी तिला स्पष्ट बजावलं, की ऐन सीझनमध्ये मूर्तिकारांच्या गल्लीतली लाइन बंद पडली, तर ती गल्ली दुसऱ्याला देऊ. आणि गल्ली गेली की तिच्याकडे उरणार काय? वाड्या-वस्त्यांच्या लाइनी याच गल्लीच्या जिवावर चालत होत्या.

म्हणून त्या वर्षी ती कारखान्याकारखान्यात फिरली. सगळ्यात मोठी मूर्ती आमच्याकडे होती. माझ्या दिराला, बाळाभाऊजींना, तिने उंची विचारली आणि त्यांनी सांगितलेल्या उंचीच्या वर हात-दीड हात ठेवून तार ताणली. आता आमच्या धंद्याची रीत अशी, की मूर्तीची उंची बैठकीपासून मुकुटापर्यंत धरायची. खालची ट्रॉली कुणी धरत नाही. भाऊजींनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला सांगतात तीच उंची सांगितली. माणूस खोटा नाही, पण घोटाळा व्हायचा तो झाला.

मूर्ती नेण्याच्या दिवशी मुंबईच्या मंडळाची पोरं ढोल घेऊन आली. ट्रॉली वळणावर पोचली आणि मुकुट तारेला टेकला. बांबूने तार उचलून पाहिली, जेमतेम पुरेना. मागे सरकावी तर उतारावर ट्रॉली हलेना. तेवढ्यात आभाळ भरून आलं. मूर्तीवरचं प्लास्टिक तारेत अडकून मुकुटाशी फाटलं आणि थेंब पडायला लागले. त्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मी केली होती. पाणी लागलं असतं तर ते डोळे गालांवर ओघळले असते. कापा म्हणू, तर वैनीचं घर बुडतं. नको म्हणू, तर बाप्पा.

मंडळाचा एक पोरगा पक्कड घेऊन ट्रॉलीवर चढला. "थांब," वैनी ओरडली. शिडीवरून वर गेली, त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं. "डोळे चांगले जमलेत गो तुला," एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या हाताने तार कापली.

मूर्ती निघून गेली. वैनी मात्र तिथेच, आमच्या कौलांवर, मशीन घेऊन बसली. पाऊस धरला होता. कुणी न सांगता बाळाभाऊजी ताडपत्री घेऊन वर चढले, समोरच्या कारखान्यातले दोघे चढले, मीही चढले, आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही चौघांनी ताडपत्रीची टोकं धरली. खाली गल्लीभर फोन बंद, टीव्ही बंद, नेट बंद. केसाएवढी टोकं ती एकेक करून मशीनमध्ये जुळवत होती. दिवेलागणीला लाइन चालू झाली.

दोनच दिवसांत पनवेलचे साहेब आले. माझ्याच ओट्यावर बसले. भाऊजी हात जोडून म्हणाले, "लाइन चालूच होती, साहेब." मी तर त्याहून पुढे गेले, "बंद? छे हो, मी मालिका बघत होते!"

"गप गो शैले," वैनी म्हणाली. "बंद होती, साहेब. मी कापली."

साहेब गोंधळले. "बंद होती ते आमच्या मशीनवर दिसलंच. पण एवढ्या मोठ्या गल्लीतून तक्रार एकही नाही. हे कसं काय?"

एरवी टीव्ही अडकला तर आकाशपाताळ एक करणारी गल्ली ती.

"तुम्हाला गल्ली दुसऱ्याला द्यायची तर द्या," वैनी म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "पण पुढल्या वर्षी बाप्पा अडकला, तर तो दुसराही तार कापील. मी असले तरी परत कापीन. त्याला एवढंच विचारून ठेवा, भर पावसात त्याच्या डोक्यावर ताडपत्री कोण धरनार?"