सुनंदाचा पाय आणि दुसरा गिअर

प्रश्न असा आहे: जुन्या मोटरसायकलचा दुसरा गिअर चढावर आपोआप सुटत असेल, तर दोष चालवणाऱ्याच्या पायात शोधावा की गिअरबॉक्सच्या आत? तंत्रशाळेत शिकवताना हा प्रश्न मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. माझ्या स्वतःच्या घरात त्याचे मी कोणते उत्तर दिले, हे मात्र आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही.

सुनंदा माझी धाकटी बहीण. सिंदी मेघेला राहते, अल्लीपूरच्या शाळेत शिकवते. एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून नवऱ्याची जुनी मोटरसायकल ती स्वतः चालवू लागली. गल्लीत हसे झाले. तिने मनावर घेतले नाही. पुढे दुसऱ्या गिअरचे दात झिजले, तेव्हा नालवाडीला माझ्या अंगणात मीच गिअरबॉक्स उघडला, गिअर बदलला, पुन्हा बांधला. काम नेटके झाले असे मला वाटले. वाटले — एवढेच.

काही दिवसांतच ती परत आली. पुलाच्या चढावर गिअर सुटला होता आणि मागे ट्रक होता. तिचा नवरा हसत म्हणाला, "मास्तरनं बांधलेली गाडी हाय. तुह्या पायालेच गिअर समजून नाई राह्यला." आणि मी? मी मान डोलावली. म्हणालो, लीव्हर तू अर्धवट दाबतेस. तोवर ती चूक होती. खोटे अजून सुरू व्हायचे होते.

त्याच संध्याकाळी, दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग धुतलेले रॉकेल मी फडक्यातून गाळत होतो. ते गाळून पुन्हा वापरायचे, ही माझी नेहमीची रीत. फडक्यावर गाळासोबत एक पातळ वॉशर उरला. तो गिअर ज्यावर बसतात त्या शाफ्टच्या टोकाला असायला हवा होता. तो नसला की शाफ्ट बाजूला सरकतो, गिअरचे दात एकमेकांत पुरते बसत नाहीत, आणि जोर पडताच सुटतात. हे मला समजायला किती वेळ लागला असेल? वॉशर पुसून हातात घेण्याइतकाच.

मग सांगितले का नाही? जिभेवर आले होते — पण तिच्या नवऱ्याचे ते हसू माझ्याकडे वळले असते. त्याऐवजी कित्येक रविवार मी तिला मैदानावर गिअर बदलायला शिकवत राहिलो. एकदा ती थांबून म्हणाली, "दादा, पाय तं मी काढूनच घेते, तरी सुटते. माहं काय चुकून राह्यलं?"

तिच्या प्रश्नातच अचूक उत्तर होते. पाय लीव्हरवर नसताना गिअर सुटतो, तर दोष आतला — हेच तर मी वर्गात शिकवत असे. मी तिला म्हणालो, पाय काढायची तुझी घाई होते.

त्यानंतर तिने गाडी सोडली. पुन्हा एसटीसाठी ताटकळू लागली. ते पाहवेना, म्हणून ऑइल बदलायचे निमित्त काढून गाडी ठेवून घेतली, गुपचूप वॉशर बसवला आणि तिला म्हणालो, आता चालवून पाहा, सराव कामी आला असेल. गिअर सुटला नाही. ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिले.

आता ती गाडी तिची मुलगी चालवते. दुसरा गिअर पुन्हा सुटू लागला आहे. मागच्या आठवड्यात सुनंदा माझ्यादेखत मुलीला म्हणाली, "गाडीले नावं नको ठेवू. माहाही पाय असाच होता, मामानं सुधरवला." मुलीने किल्ली खुंटीला टांगली. माझ्या हातात चहा होता. मी तो संपवला.

सुनंदा हे वाचेल.

तुम्ही मात्र माझ्या शब्दावर विसंबू नका. मोकळ्या, सपाट रस्त्यावर दुसरा गिअर टाका, पाय लीव्हरपासून दूर घ्या आणि हळूहळू वेग वाढवा. गिअर सुटतो की नाही, हे स्वतः तपासून पाहा.