नळीतलं तेल

अमडापूरच्या टपाल कचेरीतले एक कारकून माझ्याबरोबर रायफलच्या वर्गाला यायचे. चीनच्या लढाईनंतर आम्हा पोट सुटलेल्यांनाही नेमबाजीची हौस आली होती. आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोपीवर ते कधी डाग पडू देत नसत.

खंडेनवमीला त्यांनी वर्गाची रायफल घासूनपुसून, नळीत भरपूर तेल सोडून पुजली. दसऱ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सकाळी त्यांची सरावाची गोळी निशाण चुकून थेट मागच्या मातीच्या बांधात गेली.

"भाऊ, दुसरी रायफल घ्या," मी म्हणालो.

"काऊन? परवा हिनंच नेम लागला. बिघाड कालच झाला असन. तुमचं बरं हाय, तुमची गोळी तं आधीपासूनच बांधात जाते!"

त्यांनी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तपासली, स्क्रू आवळले. मग रायफल रिकामी करून नळीत पाहिलं, तर आत तेल चमकत होतं. पुसायला कोरडं फडकं कुणाकडेच नव्हतं, आणि तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी टोपी काढून टराटरा फाडली आणि नळी साफ करायच्या गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी केली.

गोळी मधोमध लागली. संघात नाव आलं.

बोडक्या डोक्यानं ते माझ्याशेजारी येऊन बसले. "आता हिले साफ करून पुन्हा तेल लावतो," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

मी टोपी काढून दिली.