माझ्या पोटाला लावलेली जात

"उभा राह्य," बोर्डिंगाचा गृहपती म्हणाला.

मी उभा राहिलो. पोरांची पंगत बसलेली. ताटांत गरम पोळ्या. माझी चड्डी भरलेली, घाण पायावरून खाली आलेली. पोरांनी नाकं धरली.

"पाहा रे याच्याकडं. साऱ्या जन्मात भाकर खाल्ली. आता सरकार पोळी देऊन राह्यलं, तर पोटानं जात दाखवली. गहू पचवायले घराणं लागते!"

सगळे हसले. आमच्या वस्तीतलं पोरगंही हसलं. माझ्या हातात बादली अन् खराटा दिला. पंगत जेवत होती आणि मी तिच्यासमोर फरशी धूत होतो.

आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला अन् घरचे देव अडाण नदीत सोडून दिले, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची ही गोष्ट. गाव बोरी अरबच्या बाजूचं. घरी रोज ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. पोळी सणाची, तीही दुसऱ्याच्या घरची. तालुक्याच्या बोर्डिंगातही आधी भाकरच होती. मग बाहेरदेशचा गहू आला. दोन्ही वेळ पोळी. पोरं नाचली. माझं पोट फुगलं, हातापायाच्या काड्या झाल्या, हगवण थांबेना.

तरी मी पोळी सोडली नाही. कायले सोडू? आमच्या वस्तीतल्या सभांतली पत्रकं मी तोंडपाठ केली होती. माणूस माणसासारखा, कोणी खाली नाही. मग त्यांचं पोट जे पचवतं ते माझं पचवणारच. बाहेर जाऊन यायचो, पुन्हा पंगतीत बसायचो, पुन्हा पोळी मागायचो. गृहपतीच्या डोळ्यांत पाहून खायचो. मला वाटायचं, मी लढून राह्यलो.

दिवाळीच्या सुटीत घरी आलो तो सापळा होऊन. माय घाबरली. ती पाटलाच्या वावरात कापूस वेचायला जात होती. मजुरीत तिनं ज्वारीच्या जागी गहू मागितला.

पाटलीण म्हणाली, "काहून वं, जावई येऊन राह्यला का तुह्या घरी?"

"नाही बाई. लेकरू वाळलं."

मायनं तो गहू जात्यावर दळला. गूळ घालून पोळ्या केल्या. स्वतः काल-परवाची भाकर खाल्ली. मी गळत गेलो तशी ती एक पोळी जास्त वाढायची. "घे बापू, ताकद येते." आमच्याकडं आजारी माणसाला जपायचं म्हणजे मोठ्या घरची माणसं जे खातात ते त्याला चारायचं. याहून मोठं औषध आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग एक दिवस मी उठलोच नाही. मायनं मला मोटारीनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. काय खातोस, कुठं खातोस, असं मला विचारणारा तो पहिला माणूस. त्यानं मला ज्वारी-तांदळावर ठेवलं. हगवण थांबली. मग मुद्दाम पोळी दिली. पुन्हा सुरू.

"कणीक मळताना जो चिकटपणा येतो ना, तो तुझ्या आतड्यांना सोसत नाही," तो म्हणाला. "याला औषध नाही. गहू जन्मभर बंद. आणि हा आजार कोणालाही होतो. माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलाला आहे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गहूच खातात."

मी ते ऐकून ताठ झालो. पण माय दाराशी उभी होती.

"म्हंजे म्याच चारलं का हो सायेब?"

"तुम्हाला काय माहीत होतं, बाई."

तिला ते ऐकूच गेलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसली.

बोर्डिंगात परत निघालो तेव्हा तिनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या. मी पंगतीत बसलो, ताटात भाकर ठेवली. गृहपतीला डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. तो हसला.

"म्हटलं नव्हतं मी? आली ना गाडी ठिकाणावर! भाकर खायची तर ओसरीवर जा."

"सर, हा आजार आहे. तुमच्या पोरालेही होऊ शकते. मी भाकरच खाईन अन् इथंच बसून खाईन."

त्यानं ताट ओढून घेतलं. मी भाकर तळहातावर घेतली आणि खाल्ली. उठलो नाही. या वेळी कोणी हसलं नाही. आठवडा झाला नाही तोच बोर्डिंगातून माझं नाव काढून टाकलं.

मी घरी आलो. माय मला भाकर वाढायची अन् बाहेर जाऊन बसायची. मला जेवताना पाहणं तिला जमेना. पुढं ती तापात गेली. शेवटच्या दिवसांत ताप चढला की हात जोडायची, "पाटलीणबाई, गहू नोका देऊ. ज्वारीच द्या." मी तिचे हात धरून सांगत होतो, माय, मी जिता आहो. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

माझ्या आजाराला त्यांनी जात म्हटलं. माझ्या मायनं त्याला आपलं पाप म्हटलं. यातलं एकही मी मान्य करत नाही.

आता आमच्या सभांनंतरच्या सहभोजनातही सोबती पोळी पुढं करतात. "घे ना गड्या, अजून भेतो का?" मी भीत नाही. घेतही नाही. भाकर मागतो आणि पंगतीच्या मधोमध बसतो.

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्या बोर्डिंगाच्या दारात बसणार आहोत. तिथं भाकरही शिजली पाहिजे आणि पंगतीतच वाढली पाहिजे. पोरगं आजारी पडलं तर आधी त्यानं काय खाल्लं ते विचारा. डॉक्टरकडं न्या. त्याच्या हातात बादली द्याल, तर त्या बोर्डिंगातली चूल आम्ही पेटू देणार नाही.