येळवशीचं आवतण

हे मी आजवर कुण्णाला सांगितलं न्हाई — नवऱ्यालाबी न्हाई. तुला सांगायले, पण हसू नको. बरं, हस, मलाच सांगताना हसू यायलंय, आणि लाजबी.

निजामाचं राज्य होतं, तवाचं हे. मी मुडबी गावात नवी सून. मामंजी भजनातले, मूर्ती पुजणारे; समोरचे शिवअप्पा लिंगायत, गळ्यातलं लिंग तळहातावर धरून पुजणारे. दोघं जिवाचे मैतर. रोज सांजेला कट्ट्यावर बसून देव कसा असतो यावर भांडायचे आणि पान खाऊन उठायचे. एकदा मात्र बिनसलं. शिवअप्पा म्हणाले, दगड तो दगडच. मामंजी म्हणाले, मग तुझ्या गळ्यात काय बांधलंय? झालं! बोलणं बंद.

बोलणं बंद, पण वाद कुठला बंद होतोय? तो माझ्या तोंडून चालू झाला. ताकाचा तांब्या घेऊन मी पलीकडं जायची — "त्याला म्हण..." — अलीकडं यायची — "त्याला इचार..." अगं, जिला पाण्याच्या आडापल्याड जायची मुभा न्हाई ती सून दिसातून दोनदा गल्ली ओलांडायली! काय सांगू, अंगात वारं शिरलं होतं माझ्या.

मग हळूहळू मी माझंच घालायला लागले. शिवअप्पांना सांगितलं, मामंजी म्हणतेत, मूर्तीपुढं हात जोडले तरी डोळे मिटूनच जोडतो की. मामंजींना सांगितलं, शिवअप्पा म्हणतेत, आत बघायचं तरी तळहातावर काहीतरी धरावं लागतंय. मग दोघंबी तेच बोलले, "आत्ता कुठं शहाण्यावानी बोलायलाय." मी चुलीपुढं बसून एकटीच खुदूखुदू हसले. दोघांचं म्हणणं एका घरात नांदू शकतं, आणि ते मी नांदवायले — किती आनंद झाला म्हणून सांगू!

आणि मग... सांगू का? एक दिवस शिवअप्पा म्हणाले, "पोरी, बास झालं आता. त्याला म्हण, येळवशीला माझ्या शेतात जेवाय ये." येळवस म्हणजे शेतात कडब्याची खोप करून भज्जी-आंबील खायची अमावस्या. दरसाल दोघं एकाच खोपीत जेवायचे.

मी ते आवतण सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं, तर माझं गल्ली ओलांडणं संपलं नसतं का?

येळवशीला शिवअप्पा आमच्या शेताच्या बांधापलीकडं उन्हं कलेपर्यंत न जेवता बसून होते, आमच्याकडं बघत. मला दिसायलंतं. मी भज्जी दोनदा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मामंजीच उठले. "माझ्यानं ऱ्हावंना," म्हणत गल्ली ओलांडून गेले. मागोमाग मीबी गेले. शिवअप्पांनी त्यांना मिठीच मारली आणि मग इचारलं, "काल आवतण धाडलं, कामून आला न्हाईस रे?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मस्ती आलती मला. चुकलो." दोन्ही कान धरले त्यांनी, सगळ्या गल्लीदेखत. शिवअप्पा खो खो हसत सुटले, मामंजी हसले, गल्ली हसली.

मामंजी त्यावर पुढं कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. त्या वेळी मला बोलता आलं असतं — मी तिथंच तर उभी होते. मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.